विश्लेषण : शहाद्याच्या उंबरठ्यावरचा औष्णिक प्रकल्प, पर्यावरण मूल्यांकनात काय मोजतात आणि काय सुटते?

शहाद्याहून निघून सारंगखेड्याला तापी ओलांडली की पुढे दोंडाईचा लागते. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यातल्या या शहराजवळ, विखरण आणि मेथी परिसरात, कोळशावर चालणारे ३३०० मेगावॅटचे वीज केंद्र उभारण्याची योजना होती. केंद्र उभे राहिले नाही. जमिनी मात्र गेल्या आणि त्यांच्या मोबदल्यासाठी झगडणाऱ्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याचा जीवही गेला. देशात २०३१-३२ पर्यंत कोळशावर आधारित किमान ८० हजार मेगावॅट वीजक्षमता वाढवण्याचे केंद्र सरकारचे नियोजन आहे. त्यामुळे असा प्रकल्प कुठल्याही तालुक्याच्या दारात येऊ शकतो. तो आला तर त्याचे परिणाम कोण मोजते, कसे मोजते आणि त्यात सामान्य माणसाला कुठे बोलता येते?

दोंडाईचा प्रकल्प काय होता?

महानिर्मिती कंपनीच्या या प्रकल्पात ६६० मेगावॅटचे पाच संच प्रस्तावित होते. जागा निवडण्यामागचे गणित नकाशावर पाहिले की लगेच कळते. सुरत-भुसावळ लोहमार्ग विखरणवरूनच जातो, म्हणजे कोळसा आणण्याची सोय होती. उत्तरेला तापी आहे आणि तिच्यावर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे एकापाठोपाठ एक बॅरेज आहेत. औष्णिक केंद्राला कोळसा, पाणी आणि मोकळी जमीन या तीन गोष्टी लागतात. इथे तिन्ही जवळजवळ होत्या.

२००९ च्या सुमारास भूसंपादन सुरू झाले. विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांना त्यांच्या पाच एकर जमिनीपोटी सुमारे चार लाख रुपये मिळाले. शेतातली आंब्याची झाडे नीट मोजली गेली नाहीत आणि इतरांच्या तुलनेत आपल्याला फारच कमी मोबदला मिळाला, अशी त्यांची तक्रार होती. अनेक वर्षे सरकारी कार्यालयांचे उंबरे झिजवल्यानंतर २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले. २८ जानेवारीला मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर फेरमूल्यांकन होऊन वाढीव रक्कम जाहीर झाली. तोवर औष्णिक प्रकल्प मागे पडला होता आणि त्याच जागेसाठी सौर प्रकल्पाची चर्चा सुरू झाली होती.

जमीन आधी, मंजुरी नंतर असे कसे?

हा प्रश्न साहजिक आहे, कारण पर्यावरण मंजुरीशिवाय काम सुरू करता येत नाही असे आपण ऐकलेले असते. ते खरेही आहे. केंद्राची १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना सांगते की, मंजुरी मिळण्याआधी बांधकाम किंवा जमीन तयार करण्याचे काम करू नये. मात्र त्याच वाक्यात एक अपवाद आहे. जमीन ताब्यात घेऊन सुरक्षित करून ठेवायला त्यात मनाई नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, इथल्या हवेला, पाण्याला आणि शेतीला हा प्रकल्प झेपेल का, या प्रश्नाचे उत्तर येण्याआधीच शेतकऱ्याचा सातबारा बदलू शकतो. पुढे प्रकल्प रद्द झाला, लांबला किंवा त्याचे स्वरूप बदलले, तरी जमीन आपोआप मूळ मालकाकडे परत येत नाही.

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने यात काही सुधारणा केली. जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास, त्याची जाहीर सुनावणी आणि तज्ज्ञ गटाकडून तपासणी या गोष्टी त्यात आल्या. ताब्यात घेतलेली जमीन पाच वर्षे वापराविना पडून राहिली, तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या भूमी बँकेत परत करण्याची तरतूदही आली. दोंडाईचाचे संपादन त्याआधी, १८९४ च्या कायद्याच्या काळात सुरू झाले होते.

मूल्यांकनाची प्रक्रिया कशी चालते?

पाचशे मेगावॅट किंवा त्याहून मोठा कोळसा प्रकल्प 'अ' वर्गात मोडतो आणि त्याचा निर्णय थेट केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे जातो. कंपनी आधी अर्ज करते. मंत्रालयाची तज्ज्ञ मूल्यांकन समिती अभ्यासाची कार्यकक्षा ठरवून देते, म्हणजे कशाकशाचा अभ्यास करायचा याची यादी देते. मग कंपनीने नेमलेली, सरकारमान्य सल्लागार संस्था प्रत्यक्ष पाहणी करून मसुदा अहवाल तयार करते. या संस्थेची फी कंपनीच देते, हे अहवाल वाचताना विसरू नये.

मसुदा तयार झाला की जनसुनावणी होते. ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते. जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्षस्थानी असतो. लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांना उत्तरे देऊन कंपनी अंतिम अहवाल सादर करते. समिती तो तपासून शिफारस करते आणि मंत्रालय मंजुरी देते, अटी घालते किंवा अर्ज फेटाळते.

दहा किलोमीटरचे वर्तुळ म्हणजे काय?

प्रकल्पस्थळ केंद्रस्थानी ठेवून साधारण दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले जाते. त्यातली हवा, पाणी, माती, पिके, जंगल आणि वस्ती यांची आजची स्थिती नोंदवली जाते. ही नोंद बहुधा पावसाळा सोडून एका हंगामाची, म्हणजे तीन महिन्यांची असते.

आता दोंडाईचा केंद्रस्थानी ठेवून असे वर्तुळ आखून पाहा. शहादा शहर दोंडाईचापासून सरळ रेषेतही पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे ते या वर्तुळात येतच नाही. प्रकाशा, जिथे गोमाई तापीला मिळते, तेही बाहेर राहते. तालुक्यातल्या केळी, पपई, ऊस आणि कापसाच्या बहुतेक शेतांचेही तेच. प्रकल्प एका जिल्ह्यात आणि परिणामाची शक्यता शेजारच्या जिल्ह्यात, असे असले तरी जनसुनावणी ज्या जिल्ह्यात प्रकल्प आहे तिथे घेतली जाते.

धूर मात्र वर्तुळ पाहून थांबत नाही. मोठ्या संचांसाठी २७५ मीटर उंच चिमणीचा नियम आहे. चिमणी उंच असली की जवळच्या गावात धुराचे प्रमाण कमी होते, कारण तो वर जाऊन दूरवर पसरतो. त्यातल्या सल्फर डायऑक्साइडचे हवेत सूक्ष्म सल्फेट कणांत रूपांतर होते आणि हे कण शेकडो किलोमीटर प्रवास करू शकतात. म्हणून अहवालात वाऱ्याची दिशा वर्षभरासाठी दिली आहे की तीनच महिन्यांसाठी, हा प्रश्न शहाद्यासारख्या गावासाठी फार महत्त्वाचा ठरतो. हिवाळ्यातला वारा आणि ज्येष्ठ-आषाढातला वारा एकाच दिशेने वाहत नाही.

आकडे किती मोठे असतात?

३३०० मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले असते तर काय झाले असते, याचा हिशेब कुणालाही कागदावर मांडता येतो. दिवसाची वीज साधारण ७ कोटी ९२ लाख युनिट होते. भारतीय कोळशाच्या बाबतीत एका युनिटला सुमारे ६५० ग्रॅम कोळसा धरला, तर रोज ५० हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. एका मालगाडीत साधारण ३८०० टन कोळसा येतो, म्हणजे रोज १३ गाड्या.

या कोळशात राखेचे प्रमाण ३५ टक्के धरले, तर रोज १७ हजार टनांहून अधिक राख तयार होते. गंधकाचे प्रमाण अवघे अर्धा टक्का धरले, तरी धूर शुद्ध करणारे यंत्र नसेल तर रोज सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड हवेत जाईल.

पाण्याचा हिशेब आपल्याला अधिक जवळचा आहे. नव्या केंद्रांनी एक मेगावॅट-तास विजेसाठी तीन घनमीटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, असा नियम आहे. नियम पाळूनही या केंद्राला रोज २ लाख ३७ हजार घनमीटर, म्हणजे जवळपास २४ कोटी लिटर पाणी लागले असते. नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या निकषाने साऱ्या जिल्ह्याला रोज सुमारे नऊ कोटी लिटर पाणी लागते. एकट्या केंद्राची गरज त्याच्या अडीचपटीहून अधिक झाली असती. वर्षाचा हिशेब तीन टीएमसीच्या घरात जातो.

प्रत्यक्षात केंद्रे वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, त्यामुळे खरे आकडे यापेक्षा कमी असतात. पण अहवालातले दावे पडताळण्यासाठी हा हिशेब पुरेसा आहे.

तापीचे पाणी कोणाचे?

तापी खोऱ्यात कोळशावरची वीज नवी नाही. वरच्या बाजूला भुसावळजवळ दीपनगरचे केंद्र हतनूर धरणाच्या पाण्यावर चालते. खालच्या बाजूला गुजरातमध्ये उकाई इथे औष्णिक केंद्र आहे. शहादा या दोहोंच्या मधे आहे. सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजमध्ये पाणी अडले, तरी ते शेतापर्यंत नेणाऱ्या उपसा सिंचन योजनांचा प्रश्न या भागात वर्षानुवर्षे गाजत राहिला आहे.

अशा ठिकाणी अहवालात पाण्याविषयी केवळ जलसंपदा विभागाचे मंजुरीपत्र जोडलेले असेल, तर तेवढ्यावर समाधान मानू नये. सरासरी वर्षात किती पाणी उरते यापेक्षा, पाऊस दगा देतो त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये नदीत किती पाणी असते, हे पाहायला हवे. राज्याच्या धोरणात पिण्याच्या पाण्याला पहिला आणि शेतीला दुसरा क्रम आहे, उद्योग त्यानंतर येतो. मग टंचाईच्या वर्षी केंद्राचे किती संच बंद ठेवणार, हे अहवालात लिहिलेले असायला हवे. वरच्या आणि खालच्या केंद्रांचा, साखर कारखान्यांचा आणि शहरांचा उपसा धरून एकत्रित परिणाम मोजला आहे का, हाही प्रश्न विचारायला हवा.

राखेचे आणि धुराचे काय होते?

राखेतून सिमेंट आणि विटा होतात, रस्त्याच्या भरावातही ती वापरली जाते. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार केंद्रांनी सगळी राख वापरात आणायची आहे. उरलेली राख पाण्यात कालवून राख बंधाऱ्यात सोडली जाते. हा बंधारा फुटला तर काय होते, ते नागपूर जिल्ह्याने पाहिले आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा मुसळधार पावसात फुटला आणि राखमिश्रित पाणी आजूबाजूच्या शेतांत व नाल्यांत शिरले. म्हणून राख कोण घेणार, त्याचे करार झाले आहेत का आणि बंधाऱ्याखालच्या उतारावर कोणाची शेते व विहिरी आहेत, हे तीन मुद्दे अहवालात आधी शोधावेत.

धुराबाबत डिसेंबर २०१५ मध्ये देशात कडक मानके आली. सल्फर डायऑक्साइड कमी करण्यासाठी 'एफजीडी' ही चुनखडीने धूर धुणारी यंत्रणा बसवणे त्यामुळे भाग होते. मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राने मोठ्या शहरांपासून व प्रदूषित क्षेत्रांपासून दूर असलेल्या बहुतांश केंद्रांना या अटीतून सूट दिली. भारतीय कोळशात गंधक कमी असते आणि यंत्रणेचा खर्च मोठा आहे, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. ग्रामीण भागातल्या केंद्रांनाच सूट का, असा विरोधकांचा सवाल आहे. दहा लाख लोकसंख्येचे शहर जवळ नसलेल्या आपल्या भागासाठी हा वाद कागदी नाही.

फळबागांच्या पट्ट्यात यापूर्वी काय घडले?

पालघर जिल्ह्यातील डहाणू हे याचे ठळक उदाहरण. चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेला हा तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. तिथे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे राहिले. त्याविरोधात बागायतदार आणि स्थानिक कार्यकर्ते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाच्या पाठपुराव्यामुळे २००७ मध्ये केंद्रात एफजीडी यंत्रणा बसली. देशभरात सक्ती होण्याच्या कितीतरी आधी हे घडले.

डहाणूत केंद्र बंद झाले नाही, पण त्याला धूर धुवावा लागला. तालुक्याकडे स्वतःचे, कायद्याने बळ असलेले देखरेख करणारे प्राधिकरण होते म्हणून हे शक्य झाले. एरवी मंजुरीपत्रातल्या अटींचे दर सहा महिन्यांनी द्यायचे अहवाल कंपनीच तयार करते.

जनसुनावणीत सामान्य माणसाने काय करावे?

सुनावणीची जाहिरात किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतील दैनिकात द्यावी लागते. मसुदा अहवाल आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित स्थानिक संस्थांकडे पाहायला ठेवावा लागतो. तो मिळाला नाही, तर तशी लेखी तक्रार त्याच दिवशी नोंदवावी.

सुनावणीला किती लोक आले पाहिजेत याची कुठलीही अट नाही. म्हणजे कोणीच गेले नाही, तरी ती पूर्ण झाली असे मानले जाते. जाणे आणि बोलणे म्हणूनच महत्त्वाचे. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण होते. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. आपण बोललो ते त्यात आले नसेल, तर तिथेच उभे राहून सांगता येते.

शहाद्यासारख्या वर्तुळाबाहेरच्या गावांसाठी आणखी एक वाट आहे. ज्यांचा या प्रकल्पाशी संबंध पोहोचतो, त्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी हरकत पाठवता येते. त्यासाठी सुनावणीला हजर असण्याची गरज नाही. 'प्रकल्प नको' एवढेच लिहिण्यापेक्षा नेमके लिहिलेले पत्र जास्त टिकते. उदाहरणार्थ, 'अहवालात पपईच्या क्षेत्राचा उल्लेख नाही', 'सारंगखेडा बॅरेजमधील मे महिन्याचा साठा दिलेला नाही', 'पावसाळ्यातील वाऱ्याची नोंद नाही'. अशा प्रत्येक मुद्द्याला अंतिम अहवालात उत्तर देणे कंपनीवर बंधनकारक असते.

शहादा तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तिथे जमीन घ्यायची असेल, तर पेसा कायद्यानुसार भूसंपादनाआधी ग्रामसभा किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. हा स्वतंत्र हक्क आहे, पर्यावरण सुनावणीने तो संपत नाही.

अहवालच चुकीचा असेल तर?

असे घडलेले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातील मजकूर जसाच्या तसा आढळला होता. खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली असेल, तर अर्ज फेटाळण्याची आणि दिलेली मंजुरीही रद्द करण्याची तरतूद २००६ च्या अधिसूचनेत आहे. पण ती चूक कोणाच्या तरी नजरेस यावी लागते. आपल्या शिवारात कोणते पीक आहे, कोणत्या नाल्याला बारमाही पाणी आहे, कोणत्या रानात कोणती झाडे आहेत, हे दिल्लीतल्या समितीपेक्षा गावाला जास्त ठाऊक असते.

मंजुरी मिळाल्यावरही दार बंद होत नाही. ३० दिवसांच्या आत राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करता येते. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांची मुदत मिळू शकते. महाराष्ट्रासाठी लवादाचे पीठ पुण्यात आहे. त्या मुदतीनंतर मात्र मंजुरीला आव्हान देणे जवळपास अशक्य होते.

दोंडाईचातून काय शिकायचे?

वीज लागते, यात वाद नाही. शेतीपंपाला ती दिवसा मिळावी ही इथल्या शेतकऱ्याची जुनी मागणी आहे. कोळशाचे केंद्र हवे की नको याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळे असू शकते. पण ते उत्तर जमीन घेण्याआधी मिळायला हवे. विखरणमध्ये धर्मा पाटील यांचा वाद आंब्याची झाडे मोजली की नाही, इथून सुरू झाला होता. पर्यावरण अहवालाचेही तसेच असते. ज्याची नोंद झाली नाही, त्याचा परिणाम शून्य धरला जातो आणि ती नोंद पुढे करून घ्यायला माणसाचे आयुष्य जाते. त्यामुळे असा अहवाल आपल्या भागात येईल, तेव्हा पहिल्या ३० दिवसांत तो उघडून आपले गाव, आपली विहीर आणि आपले पीक त्यात आहे का, एवढे तरी प्रत्येकाने पाहावे.